चिंचोके, मडकी आणि मंडळाची निवडणूक

जंगल, पाणी, जैवविविधता सांभाळणाऱ्या मंडळांवर माणसं नेमायची की निवडून द्यायची, हा विषय निघाला की वाद दोन वाक्यांत आटोपतो. एक बाजू विचारते, निवडणुकीचा खर्च कोण करणार? दुसरी बजावते, लोकशाहीत खर्च मोजायचा नसतो. दोघांचंही चुकतं. मतदान म्हटलं की विधानसभेसारखंच सगळं लागणार, हे पहिल्या बाजूनं धरून चाललेलं असतं. दुसरी बाजू ज्या पैशाबद्दल एवढी उदार असते, तो पैसा शेवटी कुठल्या तरी ग्रामपंचायतीच्या किंवा बाजार समितीच्या खात्यातून जातो. माझं म्हणणं स्पष्ट आहे. राज्याच्या जैवविविधता मंडळावर गावांनी निवडलेली माणसं असलीच पाहिजेत, पण ती सार्वत्रिक मतदानानं नव्हे, ग्रामसभेपासून वर चढत जाणाऱ्या निवडीनं यावीत. या निवडीला जो खर्च येईल तो, न निवडल्यामुळे आज आपलं जे नुकसान होतं, त्याच्यापुढे किरकोळ आहे.

हे मंडळ विदर्भापासून लांब नाही. त्याचं कार्यालय नागपुरातच आहे आणि २०१२ पासून ते काम करतं. जैवविविधता कायदा २००२ चा. त्या कायद्यानुसार मंडळावर एक अध्यक्ष, सरकारी खात्यांचे काही पदसिद्ध सदस्य आणि जास्तीत जास्त पाच तज्ज्ञ असतात, आणि या सगळ्यांना राज्य सरकार नेमतं. खाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. २००४ च्या केंद्रीय नियमांत तिची रचना अध्यक्ष आणि जास्तीत जास्त सहा सदस्य अशी होती. त्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया आणि किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे लोक हवे होते. हे सदस्यही नामनिर्देशित असतात. गावाच्या हद्दीतल्या जैविक संसाधनांबद्दल निर्णय घेताना मंडळानं या समितीचा सल्ला घ्यावा, असं कलम ४१ सांगतं. म्हणजे सल्ला देणारा नेमलेला आणि सल्ला घेणाराही नेमलेला. जो माणूस मोह वेचतो, बांबू तोडतो, तळ्यात जाळं टाकतो, त्याचं मत या साखळीत कुठेच मोजलं जात नाही.

आता विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेऊ, कारण तो खरा आहे. राज्यात अठ्ठावीस हजारांच्या आसपास ग्रामपंचायती आहेत. प्रत्येक ठिकाणी एकच मतदान केंद्र धरलं, केंद्रावर एक केंद्राध्यक्ष, तीन मतदान अधिकारी आणि एक पोलीस एवढीच माणसं धरली, तरी एक लाख चाळीस हजार कर्मचारी लागतात. एक दिवस प्रशिक्षणाचा, दुसरा साहित्य घेऊन रवाना होण्याचा, तिसरा मतदानाचा. झाले चार लाख वीस हजार मनुष्यदिवस, आणि त्यात छाननी, माघार, चिन्हवाटप, मतमोजणी, गाड्यांचं डिझेल काहीच धरलेलं नाही. यातले बरेच कर्मचारी शाळेतले गुरुजी असतात, म्हणजे तितके दिवस वर्ग बंद. एवढा पसारा कशासाठी? मंडळावरच्या पाच जागांसाठी? कुणीही शहाणा माणूस याला नाही म्हणेल, आणि मीही म्हणतो.

बाजार समित्यांचा अनुभव तर ताजाच आहे. जुन्या पद्धतीत सेवा सहकारी सोसायट्यांचे संचालक आणि ग्रामपंचायत सदस्य मिळून शेतकऱ्यांचे प्रतिनिधी निवडत. २०१७ मध्ये किमान दहा गुंठे जमीन असलेल्या आणि पाच वर्षांत तीनदा समितीत माल विकलेल्या शेतकऱ्याला थेट मताचा अधिकार मिळाला. तत्त्व म्हणून चांगलंच होतं. पण मतदारयादी करायची समितीनं, केंद्रं उभारायची समितीच्या पैशातून, आणि जिच्या आवारात वर्षाचे तीन महिने सोडले तर वजनकाटाही हलत नाही अशा छोट्या समितीलाही तोच नियम. २०२० मध्ये हा अधिकार काढून घेतला गेला, आणि खर्च झेपत नाही हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. मला यातून दिसतं ते एवढंच, की निवडीचं तत्त्व बरोबर असूनही तिची रीत चुकली आणि खर्चाचा भार चुकीच्या खांद्यावर पडला, तर तत्त्वालाही पाय काढता घ्यावा लागतो. रीत नीट आखली असती तर शेतकऱ्याचं मत आज शाबूत असतं.

पण खर्चाची वही उघडलीच आहे तर दोन्ही पानं वाचू. निवडणुकीला किती लागतं ते बिलांवर दिसतं. नेमणुकीचं बिल कुणाकडे जातं? राष्ट्रीय हरित लवादानं समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची आणि त्यांच्याबद्दलच्या माहितीची नोंद, पूर्ण करायला ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि त्यानंतर राज्यांना दरमहा दहा लाख रुपये दंडाची तंबी दिली. मग देशभर घाई उडाली. घाईत समिती कशी होते हे खेड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. ठरावाच्या वहीत सात नावं चढतात, स्त्रियांचा आणि जाती-जमातींचा रकाना जुळतो आणि कागद तालुक्याला जातो. ज्याचं नाव चढलं त्यालाही कित्येकदा ते ठाऊक नसतं. अशा समितीच्या नावानं भरलेली नोंदवही ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. तिच्यात झाडाचं शास्त्रीय नाव असतं, पण गावातलं नाव नसतं. सातेर ही अळंबी कुठल्या वारुळावर, कुठल्या नक्षत्रात उगवते, वास्ते म्हणजे बांबूचे कोंब कुठल्या नाल्याकाठचे काढायचे आणि कुठले राखायचे, चारोळी पिकायच्या आत कोण ओरबाडून नेतं, यातलं एक अक्षर नसतं. शेजारच्या दोन गावांच्या वह्या एकमेकांवर ठेवून वाचा. एकाच्या शिवारात तलाव आणि दुसऱ्याच्या शिवारात टेकडी असूनही मजकूर तोच निघाला, तर ती वही शिवारात फिरून लिहिलेली नाही.

ही वही शोभेची नाही. लाभवाटपाच्या नियमावलीप्रमाणे व्यापारी किंवा उद्योग गावातलं जैविक संसाधन घेतो तेव्हा त्याच्या खरेदीवर किंवा विक्रीवर ठरावीक टक्का लाभ द्यावा लागतो, आणि संसाधन कुठल्या गावचं हे ठरलं की त्यातला मोठा वाटा त्या गावच्या समितीला जातो. उत्तराखंड उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१८ मध्ये देशी कंपन्यांनाही हे देणं लागू आहे असा निकाल दिला. पण ते संसाधन आमच्या शिवारातलं, हे सांगणार कोण? वहीत नोंद नसेल आणि समितीच्या अध्यक्षाला आपण अध्यक्ष आहोत हेच माहीत नसेल, तर हक्काचा पैसा मागायला कुणी जाणार नाही. हे नुकसान कुठल्याच ताळेबंदात येत नाही, म्हणून ते नाहीच असं आपण मानून बसलो आहोत.

यापेक्षा जवळचं उदाहरण तेंदूच्या फळीवरचं, म्हणजे बिडीची पानं मोजून घेतात त्या जागेवरचं आहे. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. मजूर पहाटे जंगलात शिरतो, दुपारभर घरातली सगळी माणसं पुडे बांधतात, संध्याकाळी फळीवर नेऊन शंभराच्या हिशेबानं मांडतात. फळीवर मोजणारानं शेकड्यामागे तीन पुडे ‘खराब’ म्हणून फुकट घेतले, तर गोणीमागे तीस पुडे गेले, म्हणजे एकवीसशे पानं. पाचशे गोण्यांच्या हंगामात पंधरा हजार पुडे. पंधरा गोण्या पानं गावानं फुकटात तोडून, बांधून, वाहून दिली. हे तिथल्या तिथे थांबवायचं असेल तर संध्याकाळी फळीवर असा कुणी उभा हवा, ज्याला बोलायचा अधिकार आहे आणि जो बोलला नाही तर गाव त्याला बदलू शकतं. पुढे पानं उन्हात वाळतात, बोदभराईच्या, म्हणजे पोत्यांत भरण्याच्या आधी त्यांच्यावर पाणी शिंपडून ती नरम करतात. इथे पाणी जास्त झालं तर पान काळं पडतं आणि ठेकेदार भावात कापतो. तेव्हाही गावाच्या बाजूनं कुणीतरी हजर लागतो. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि वनहक्क कायद्याच्या बळावर गडचिरोलीतल्या ज्या ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात, तिथे हा माणूस ग्रामसभेनं निवडलेला असतो. तिथल्या निवडणुकीला किती खर्च आला? एक सतरंजी, एक वही, एका संध्याकाळचा वेळ.

आमच्याकडची तळी हा याच गोष्टीचा जुना दाखला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सहा हजारांहून जास्त मालगुजारी तलाव आहेत. त्यांतले कितीतरी गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं बांधले. तलावाच्या पारीवर म्हणजे बांधावर माती चढवणं, तुडूम म्हणजे पाणी सोडायचं तोंड सांभाळणं, गाळ काढणं ही कामं गाव करत होतं, कारण पाण्यावर हक्क गावाचा होता. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराची जमीनदारी गेली. ती जायलाच हवी होती, त्या व्यवस्थेत वेठ होती आणि मालगुजाराचा हुकूम होता. पण तिच्या जागी गावाची निवडलेली व्यवस्था आली नाही, तळी खात्याकडे गेली. शंभर हेक्टरांहून कमी भिजवणारी जिल्हा परिषदेकडे, मोठी राज्याकडे. गावानं पाणीपट्टीला नकार दिला, पाणी पिढीजात निस्ताराचं, म्हणजे गावाच्या वहिवाटीच्या हक्काचं आहे म्हणून. खात्यानं उत्पन्न नाही म्हणून दुरुस्ती टाळली. गाळ साचला, काठानं बेशरमाची झुडपं माजली, देशी मासळी हटली. आज तोच गाळ उपसायला सरकार योजनांमागून योजना काढतं आणि त्याचा पैसा करातून येतो. १९५१ मध्ये तलावागणिक एक निवडलेली पंचायत बसवायला जो खर्च आला असता, तो या गाळाच्या एका हंगामापुढेही टिकला नसता असं मला वाटतं.

‘निवडून येणारा माणूस तज्ज्ञ नसतो’, हा दुसरा आक्षेप. बरोबर आहे. गवताच्या दोन जातींतला फरक मतपेटी सांगू शकत नाही. म्हणून पाचही जागा निवडणुकीनं भरा असं माझं म्हणणं नाही. तीन निवडलेले, दोन नेमलेले तज्ज्ञ. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, जे आपल्यासारखंच कापसाचं राज्य, मृदा आणि जलसंधारणाचं राज्य मंडळ १९३९ पासून आहे. तिथे जमीनधारक स्थानिक संधारण जिल्ह्याचे संचालक निवडतात आणि पाच विभागांतल्या संचालकांचे प्रतिनिधी अधिवेशनात जमून राज्य मंडळावर पाच जण पाठवतात. उरलेले दोन गव्हर्नर नेमतो. धुळीच्या वादळांनी शेतं उडवून नेली त्या दशकात ही रचना उभी राहिली. तिच्यातला एक दोष मात्र आपण घेता कामा नये. तिथे मत जमीनधारकाला आहे. आपल्याकडे जंगलावर सगळ्यात जास्त विसंबून असतो तो भूमिहीन, आणि तळ्यावर विसंबून असतो तो मासेमारी करणारा ढिवर, ज्याच्या नावावर बहुधा एक गुंठाही नसतो. सातबारा हा मताचा आधार धरला तर याच दोघांना आपण दाराबाहेर ठेवू.

आणि मंडळाचं काम झाडं ओळखणं एवढंच तरी कुठे आहे? कुठल्या खरेदीला अटी घालायच्या, कुठली जागा वारसा स्थळ म्हणून सुचवायची, गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या जंगलासारख्या ठिकाणी संरक्षण आलं तर आसपासच्या गावांच्या वहिवाटीचं काय करायचं, हे सगळे कुणाचं काय जाईल आणि कुणाला काय मिळेल याचे निर्णय आहेत. तज्ज्ञानं माहिती द्यावी. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावानं हे केव्हाच करून दाखवलं आहे. तिथल्या अभ्यासगटात बाहेरची जाणती माणसं बसत, पण निर्णय ग्रामसभा घेई, तोही सर्वसहमतीनं. त्या गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तकही ग्रामसभेच्या हाती आलं.

सर्वसहमती छोट्या गावात जमते. तीन हजार वस्तीच्या, चार पुढाऱ्यांच्या गावात काय? इथे तिसरा आक्षेप येतो आणि तो मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्यात तथ्य आहे. निवडणूक गाव फोडते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतली दुही लग्नाच्या पंगतीपर्यंत जाते. हात वर करून मतदान घेतलं तर खर्च नाही, पण ज्याच्या वावरात उद्या निंदायला जायचं आहे त्याच्या समोर त्याच्याविरुद्ध हात कोण वर करेल? फुकटातलं उघड मतदान म्हणजे दडपणाला मोकळं रान. मत गुप्तच हवं, आणि गुप्त मत महागच असतं हा समज सोडून द्यावा. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटीच वेगळी होती, मतदारानं कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. दारूचं दुकान बंद करायला आपल्याच राज्यातल्या बायांनी ‘आडवी बाटली’ला मत देऊन निकाल लावले आहेत. ग्रामसभेत हीच रीत मडकी आणि चिंचोके घेऊन करता येते. पडद्यामागे उमेदवारागणिक एक अरुंद तोंडाचं मडकं, त्यावर ओळखीची खूण, तोंडाला मधे चीर दिलेलं फडकं. वहीत सही किंवा अंगठा घेतला की हातात एक चिंचोका.

चुका कुठे होतात तेही माहीत असू द्या. चिंचोका घरोघरी असतो, कुणी खिशातून आणखी दोन टाकू शकतो. म्हणून सभेच्या सकाळीच मोजून तेवढेच चिंचोके कुंकवानं किंवा रंगानं रंगवावेत, आणि तो रंग कुठला हे आधी कुणाला सांगू नये. उरलेले चिंचोके आणि मडक्यांतले मिळून बेरीज आधीच्या मोजणीशी जुळली पाहिजे, आणि मडक्यांतले वहीतल्या सह्यांएवढे भरले पाहिजेत. एकानंही चुकलं तर तिथल्या तिथे फेरमतदान. मडकं पितळेचं नको, मातीचंच हवं आणि तळाशी चिंधी घातलेली, कारण टणकन आवाज आला की कुठल्या मडक्यात पडला ते बाहेर कळतं. मोजणी पडदा काढून सगळ्यांसमोर, त्याच सतरंजीवर.

ग्रामसभेनं निवडलेली एक बाई आणि एक माणूस तालुक्याला जाईल. ३५८ तालुक्यांत सरासरी अठ्ठ्याहत्तर ग्रामपंचायती, म्हणजे एका सभागृहात मावतील एवढी दीडशे-एकशेसाठ माणसं. ती दोघांना निवडतील. तेवढे सातशे सोळा प्रतिनिधी महसूल विभागागणिक एका दिवशी जमून, सगळे विभाग मिळून, तिघांना मंडळावर पाठवतील. इथे विरोधक म्हणतील, थोड्या मतदारांची निवडणूक विकत घेणं सोपं असतं. खरं आहे, विधान परिषदेच्या स्थानिक प्राधिकरणांच्या जागांना मतदारांच्या सहली निघतात हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. यावरचा उपाय कांचीपुरमजवळच्या उत्तिरमेरूरच्या देवळाच्या भिंतीवर दहाव्या शतकात कोरून ठेवलेला आहे. परांतक चोळाच्या काळातल्या त्या लेखात गावाच्या समित्या, त्यांत तलाव समितीसुद्धा, चिठ्ठ्या टाकून निवडायचे नियम आहेत. पात्र माणसांची नावं ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर, चिठ्ठ्या मडक्यात, आणि लहान मुलानं उचलायच्या. ज्यानं आधीच्या समितीचा हिशेब दिला नाही त्याचं आणि त्याच्या नातलगांचं नाव मडक्यात जात नाही. आपणही तेच करावं. तालुक्यानं दोनऐवजी सहा नावं निवडावीत आणि विभागाच्या बैठकीला त्यांतली कुठली दोन जातील ते त्याच सकाळी चिठ्ठीनं ठरावं. कुणाला विकत घ्यायचं हेच आदल्या रात्रीपर्यंत कळणार नाही. आणि हिशेबाची अट तशीच घ्यावी. ज्या समितीनं ग्रामसभेत जमाखर्च वाचला नाही, तिचा कुणीही तालुक्याला पात्र नाही.

खर्च आता मांडा. ग्रामसभा वर्षातून चार होतातच, तिथला खर्च नवा नाही. तालुक्याला जाणारे छप्पन्न हजार जण एकेक दिवस देतील, म्हणजे छप्पन्न हजार मनुष्यदिवस. वरच्या सार्वत्रिक मतदानाच्या चार लाख वीस हजारांपुढे हा साडेसातवा भाग झाला, तोही पाच वर्षांतून एकदा. त्यांची रोजी आणि एसटीचं भाडं राज्यानं द्यावं, ग्रामपंचायतीच्या माथी मारू नये, नाहीतर बाजार समित्यांचं झालं तेच होईल. शिवाय एकाच जंगलावर संयुक्त वनव्यवस्थापन समिती, वनहक्काची समिती आणि जैवविविधता समिती अशा तीन समित्या ठेवून तिन्हींच्या बैठका आणि दप्तरं पोसण्यापेक्षा, जिथे सामूहिक वनहक्क मिळाला आहे तिथे ग्रामसभेनं निवडलेली समितीच जैवविविधता समिती मानावी. गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांना हे लगेच लागू होईल आणि त्यात खर्च वाढत नाही, कमी होतो.

तारखेचं भान मात्र मुंबईतल्या वेळापत्रकानं ठेवलं तर सगळं फसेल. १ मेची ग्रामसभा तेंदूच्या तोंडावर येते, १५ ऑगस्टला पूर्व विदर्भात धानाची रोवणी मागं-पुढं झाली की माणसं धानाच्या बांधीत म्हणजे शेतात असतात, २ ऑक्टोबरला पश्चिमेकडे सोयाबीनची सवंगणी म्हणजे कापणी. राहते २६ जानेवारी. पण उन्हाळ्याच्या तोंडावर मिरची तोडायला तेलंगणात जाणारी कुटुंबं गाव सोडण्याआधी सभा उरकायला हवी, आणि मेळघाटातले कोरकू तर कामावरून होळीलाच घरी परततात. तिथे वेगळी तारीख हवी. म्हणून निवडीच्या ग्रामसभेसाठी २६ जानेवारी ते होळीचा आठवडा एवढी मुभा गावांना द्यावी आणि तालुक्याच्या बैठका होळीनंतर, एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात घ्याव्यात. गडचिरोली, गोंदियात त्या दिवसांत पहाटे मोह वेचला जातो, दहा वाजेपर्यंत माणूस जंगलातून येत नाही. बैठक दुपारी बारानंतर ठेवावी.